साकाकाविया सरोवराच्या तळाशी

२० मे १९४८. वॉशिंग्टनमधील एका दालनात अमेरिकेचे अंतर्व्यवहार मंत्री ज्युलियस क्रूग एका करारावर सही करीत आहेत. शेजारी रेघांचा सूट घातलेले एक गृहस्थ हातात चष्मा धरून, तोंड झाकून रडत आहेत. ते फोर्ट बर्थोल्डच्या आदिवासी परिषदेचे अध्यक्ष जॉर्ज जिलेट. हे छायाचित्र त्या काळी वृत्तपत्रांतून देशभर पोहोचले.

करार होता गॅरिसन धरणासाठी जमीन देण्याचा. आज नॉर्थ डकोटाच्या गवताळ मैदानात या धरणामागे साकाकाविया सरोवर पसरले आहे. लांबी सुमारे २८५ किलोमीटर. किनाऱ्यावर राज्य उद्याने, तंबूतळ आणि नौकांचे धक्के आहेत. वॉलाय मासा गळाला लावण्यासाठी दुरून लोक येतात.

मिसूरीच्या या खोऱ्यात मॅन्डन, हिदात्सा आणि अरिकारा या तीन जमाती राहत. १८३७ च्या देवीच्या साथीने त्यांची दाणादाण उडवली आणि उरलेले लोक हळूहळू एकत्र आले. पुराच्या गाळाने सुपीक झालेल्या नदीकाठच्या सखल पट्ट्यात त्यांच्या स्त्रिया मका, घेवडा, भोपळा आणि सूर्यफूल पिकवीत. काठावरच्या झाडीतून सरपण मिळे, हिवाळ्यात जनावरांना आडोसा मिळे. वरचे माळरान मात्र कोरडे आणि वाऱ्याने झोडपलेले. या लोकांचे जगणे वरच्या विस्तारावर नव्हे, खालच्या अरुंद पट्ट्यावर तोललेले होते.

१९४३ च्या महापुरांनी खालच्या अंगाची शहरे हादरली आणि १९४४ मध्ये काँग्रेसने मिसूरीवर धरणांची पिक-स्लोन योजना मंजूर केली. जमातींनी नुसता विरोध केला नाही. आपल्याच राखीव क्षेत्रातील दुसरी जागा त्यांनी धरणासाठी विनामूल्य देऊ केली. लष्कराच्या अभियंत्यांनी ती नाकारली. याच जलाशयाच्या वरच्या टोकाला असलेल्या विलिस्टन शहराच्या रक्षणासाठी मात्र बांध घातले गेले.

राखीव क्षेत्रातील दीड लाखाहून अधिक एकर जमीन गेली. तीत शेतीयोग्य जमिनीचा जवळजवळ सगळा वाटा होता. सव्वातीनशे कुटुंबे उठली, म्हणजे दर पाच माणसांतील चार. एल्बोवुड्स हे मुख्य गाव शाळा आणि रुग्णालयासकट बुडाले. गावाजवळचा १९३४ चा फोर बेअर्स पूल तेवढा वाचला: त्याचा मुख्य सांगाडा हलवून नदीच्या वरच्या अंगाला पुन्हा उभारला गेला. सॅनिश आणि व्हॅन हूक ही गोऱ्या वस्तीची गावेही गेली. नव्या गावासाठी दोन्ही नावे जोडून 'व्हॅनिश', म्हणजे 'नाहीसे होणे', असे नाव सुचवले गेले होते, असे सांगतात. अखेर 'न्यू टाउन' ठरले.

१९४९ च्या कायद्याने एकूण भरपाई सुमारे सव्वा कोट डॉलर झाली. पण पैशाहून बोचरी गोष्ट पुढे होती. जलाशयाच्या काठावर गुरे चारण्याचा, शिकारीचा आणि मासेमारीचा जमातींनी मागितलेला हक्क त्याच कायद्याने नाकारला. ज्यांच्या शेतांवर पाणी उभे राहणार होते, त्यांनाच त्या पाण्याच्या काठावर हक्क उरला नाही. पुढे सहलीचे आकर्षण ठरला तो हाच काठ.

१९६७ मध्ये सरोवराला साकाकावियाचे नाव मिळाले. लुइस आणि क्लार्क यांच्या मोहिमेबरोबर १८०५ मध्ये तान्ह्या मुलासह निघालेली ही तरुणी हिदात्सांच्याच गावात राहत होती. तिच्या नावाचे हे रूपही हिदात्सा भाषेतले, म्हणजे ज्यांची गावे बुडाली त्यांच्याच भाषेतले.

भूगर्भातील खनिजांचे हक्क १९८४ मध्ये परत मिळाले. १९९२ मध्ये काँग्रेसने आणखी १४.९२ कोटी डॉलर मंजूर केले. बुडालेल्या रुग्णालयाच्या जागी नवे देण्याचे आश्वासन होते. न्यू टाउनमध्ये नवे आरोग्यकेंद्र २०११ मध्ये उघडले. त्याला एल्बोवुड्सचे नाव दिले आहे.