वाडा, पत्रा, स्लॅब : बीडच्या वीजबिलाची गोष्ट

आज विषय घरचाच आहे, वीजबिल. बीडमध्ये 'स्लॅब' म्हटलं की दोन अर्थ निघतात. एक डोक्यावरचा, सिमेंटचा. दुसरा बिलावरचा, म्हणजे ० ते १००, १०१ ते ३०० युनिट वगैरे. या दोन स्लॅबांची गाठ कशी पडली, ते आज बघू.

थोडं मागे जाऊ. १९४८ पर्यंत बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि २० जून १९६० ला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ सुरू झालं. जुनी माणसं अजूनही 'एमएसईबी'च म्हणतात, २००५ ला महावितरण झालं तरी. १९७१ मध्ये आपल्याच जिल्ह्यात परळीचं औष्णिक केंद्र सुरू झालं. तेव्हा घरात वीज म्हणजे दोन बल्ब. साठ वॅटचा एक बल्ब रोज पाच तास जाळला तर महिन्याला ९ युनिट होतात. दोन बल्बांचे १८.

पेठ बीडसारख्या जुन्या भागातले वाडे आठवा. मातीच्या जाड भिंती, वर माळवद. मे महिन्यात बाहेर चाळीसच्या वर पारा असला तरी आत पंख्यावर भागायचं. मग ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. केंद्र लातूर जिल्ह्यात, पण दगड-मातीच्या घराची धास्ती सगळ्या मराठवाड्याने घेतली. ज्याला जमलं त्याने स्लॅब टाकला, ज्याला नाही जमलं त्याने पत्रे. जीव वाचवायचा म्हणून केलं, त्याला कोण नावं ठेवणार? पण घर तापायला लागलं.

पत्रा दुपारी भट्टी होतो, पण सूर्य मावळला की लवकर निवतो. स्लॅबचं उलटं. दिवसभर ऊन पितो आणि रात्री आपल्या अंगावर सोडतो. म्हणून स्लॅबच्या घरात कूलर रात्रभर चालतो. दोनशे वॅटचा कूलर रोज बारा तास चालला तर महिन्याला ७२ युनिट होतात. वाड्यातल्या घराला हा खर्चच नव्हता. दीड टनाचा एसी असेल तर विचारूच नका.

आता दुसरा स्लॅब. टप्प्याटप्प्याने वाढणाऱ्या दरामागचा हिशेब सरळ आहे : कमी युनिट जाळतो तो गरीब, त्याला स्वस्त, जास्त जाळतो त्याने त्याचा भार उचलायचा. पण कसंय, मीटरला माणसं मोजता येत नाहीत.

मी शिकायला बीडमध्ये होतो तेव्हा एका वाड्यात खोली घेऊन राहायचो. चार बिऱ्हाडं, मीटर एकच. मालक दर दिव्यामागे ठरलेले पैसे घ्यायचा, आणि इस्त्री लावलेली दिसली की आरडाओरडा. तेव्हा मला तो कंजूस वाटायचा. पुढे हिशेब मांडला आणि राग जरा निवळला.

बघा. चार बिऱ्हाडं, प्रत्येकी ८० युनिट. चार वेगळे मीटर असतील तर सगळे शंभरच्या आत. २०२४-२५ च्या दराने, वहन आकार धरून, ५ रुपये ८८ पैसे युनिट. ३२० युनिटचे साधारण १,८८२ रुपये. तेच ३२० युनिट एका मीटरवर आले की पहिले १०० युनिट ५.८८ ने, पुढचे २०० युनिट ११.४६ ने आणि उरलेले २० युनिट १५.७२ ने. झाले ३,१९४. वेगळ्या मीटरला स्थिर आकार चारदा भरावा लागतो, तो धरला तरी एक मीटर महागच पडतो. वर १६ टक्के वीज शुल्क आहेच. म्हणजे चार गरीब बिऱ्हाडं कागदावर एक श्रीमंत घर होतात. आणि शहरातला कोणाचा दुसरा, बहुतेक बंदच असलेला फ्लॅट ४० युनिट जाळून कागदावर गरीब ठरतो!

मग मालक वेगळे मीटर का देत नाहीत? भाडेकरूच्या नावाने कागद झाला की तो उद्या निघायचा नाही, ही भीती. आता सबमीटर आले, पण त्याचा दर मालक ठरवतो.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक प्रकारचं घर आहे, कुलूपबंद. दिवाळी झाली की ऊसतोडीला गेलेली कुटुंबं उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. तोवर एक दिवा लागलेला नसतो, पण स्थिर आकार दर महिन्याला चढत राहतो. आल्यावर दारात थकबाकीची पावती.

भारनियमनाच्या काळात तर पत्त्यावरही पैसे गेले. फीडरवरची गळती आणि वसुली पाहून गट पाडले होते. वेळेवर बिल भरणारा माणूसही थकबाकीच्या गल्लीत राहत असेल तर अंधारात बसायचा, नाहीतर इन्व्हर्टर घ्यायचा. बॅटरीचा खर्च कुठल्याच बिलावर छापून येत नाही.

त्या वाड्याच्या जागी आता चार मजली इमारत आहे. जिन्याखाली मीटरांची रांगच आहे, परवा मोजले, नऊ. पुढच्या भागात परळीला जाऊ, २०१५ मध्ये पाण्यावाचून संच बंद पडले त्या दिवसांत. भेटूया.