नील कार्बन

नील कार्बन : समुद्रकिनाऱ्यालगतच्या वनस्पतींनी हवेतून शोषलेला व मुख्यतः त्यांच्या तळच्या गाळात साठलेला सेंद्रिय कार्बन. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २००९ सालच्या अहवालापासून ही संज्ञा रूढ झाली. कांदळवने, खाऱ्या पाण्याच्या दलदली आणि सागरी गवताची कुरणे हे त्याचे तीन प्रमुख साठे होत.

साठवणीची क्रिया : डोंगरावरील जंगलात गळलेला पाला हवेशीर मातीत लवकर कुजतो व त्यातील बराचसा कार्बन हवेत परततो. खाडीत भरतीबरोबर आलेला गाळ मुळांच्या जाळ्यात अडकतो आणि पाला, काटक्या व मेलेली मुळे त्याखाली पुरली जातात. पाण्याने भरलेल्या या चिखलात ऑक्सिजन वरच्या थरातच संपतो, त्यामुळे कुजणे फार मंदावते. कांदळवनातील तिवर या झाडाची श्वसनमुळे पेन्सिलींसारखी चिखलाबाहेर येतात, तीही हवेसाठीच. तेथे फूटभर खणल्यास काळा चिखल लागतो व सडक्या अंड्यासारखा वास येतो. समुद्राच्या पाण्यातील सल्फेट वापरणाऱ्या जिवाणूंनी सोडलेल्या हायड्रोजन सल्फाइडचा हा वास होय. हे जिवाणू मिथेन निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजीवांवर वरचढ ठरतात. म्हणून गोड्या पाण्याच्या दलदलींपेक्षा येथून सहसा मिथेन कमी निघतो.

प्रमाण : हिंद-प्रशांत प्रदेशातील २५ कांदळवनांच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेक्टरी सरासरी १,०२३ टन कार्बन आढळला. त्यातील ४९ ते ९८ टक्के वाटा झाडांचा नसून तळच्या मातीचा होता.

भारतातील स्थिती : भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशात ४,९९२ चौ. किमी. कांदळवने असून महाराष्ट्रात ३२४ चौ. किमी. आहेत. सर्वांत मोठे क्षेत्र पश्चिम बंगालमधील सुंदरबनात आहे. सागरी गवत मुख्यतः पाल्कचा उपसागर व मन्नारचे आखात येथे आढळते. महाराष्ट्रात २०१२ पासून वन विभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सार्वजनिक हिताची गरज असल्याखेरीज राज्यातील कांदळवनांची तोड करण्यास मनाई केली.

ऱ्हास व पुनरुज्जीवन : भराव, बांध किंवा कोळंबीच्या तळ्यांसाठी भरतीचे पाणी तोडले, की चिखल सुकतो, त्यात हवा शिरते आणि शतकानुशतके पुरलेला कार्बन काही वर्षांतच वायुरूपाने बाहेर पडू लागतो. केवळ नवी रोपे लावून ही तूट लवकर भरून निघत नाही, कारण गाळ वर्षाला साधारण काही मिलिमीटरच चढतो. जेथे बांध फोडून भरतीची ये-जा पूर्ववत करता येते, तेथे वाहत आलेल्या बियांपासून कांदळवन अनेकदा आपोआप उगवते.