उंची आणि पुरावा : फुग्यांतील छायाचित्रण व प्रवरा-गोदावरीचे खोरे

हौशी मंडळींनी आकाशात सोडलेल्या फुग्यांचा इतिहास-संशोधनाशी काय संबंध, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. २००९ मध्ये अमेरिकेतील एम. आय. टी. च्या विद्यार्थ्यांनी हवामानशास्त्रीय फुग्याला थर्मोकोलची पेटी बांधली व तीत साधा कॅमेरा आणि भ्रमणध्वनी ठेवून सुमारे २८ किलोमीटर उंचीवरून पृथ्वीची छायाचित्रे मिळविली. खर्च सुमारे १५० डॉलर. पुढे २०१४ पासून ‘ग्लोबल स्पेस बलून चॅलेंज’ ही स्पर्धा सुरू झाली. तीत सर्वाधिक उंची व उत्कृष्ट छायाचित्र यांना स्वतंत्र पारितोषिके होती. उंची आणि चित्र यांची ही फारकत संशोधकाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

या विद्येला दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा आहे. नादार याने १८५८ मध्ये पॅरिसजवळ फुग्यातून छायाचित्र घेतले; ते आज उपलब्ध नाही. १८६० मध्ये ब्लॅक याने घेतलेले बॉस्टन शहराचे चित्र मात्र टिकले. १९०६ मध्ये लेफ्टनंट शार्प यांनी लष्करी फुग्यातून स्टोनहेंजची छायाचित्रे घेतली, आणि १९२० नंतर क्रॉफर्ड यांनी विमानातून घेतलेल्या चित्रांच्या आधारे या पद्धतीला शास्त्रीय बैठक दिली. त्यामागचे तत्त्व सोपे आहे. गाडलेल्या भिंतीवर पीक खुरटते, बुजलेल्या खंदकावर ते जोमाने वाढते. जमिनीवरून न दिसणारी ही रेषा वरून उमटते.

परंतु किती वरून? ३० किलोमीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे एक शतांश उरतो. फुगा प्रसरण पावून फुटतो व पेटी हवाई छत्रीने खाली येते. तेथून साध्या कॅमेऱ्याला प्रवरासंगमाचे वळण दिसेल, पण घराचा पाया दिसणार नाही. पायासाठी दोरीने बांधलेला, काहीशे फुटांवरील फुगाच उपयोगी.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या बाबतीत हा विवेक विशेष महत्त्वाचा ठरतो. जोर्वे (१९५०-५१) व नेवासे (१९५४-५६) येथील उत्खननांनी महाराष्ट्राच्या ताम्रपाषाणयुगीन जीवनावर नवा प्रकाश टाकला. दायमाबाद येथे १९५८-५९ मध्ये व पुन्हा १९७४ ते १९७९ या काळात उत्खनन झाले. सावळदा काळापासून जोर्वे काळापर्यंतचे पाच सांस्कृतिक थर तेथे आढळले. उत्खननाचा खड्डा थरांचा क्रम सांगतो. सबंध वसाहतीचा विस्तार तो सांगत नाही. तेथे हवाई चित्र पूरक ठरू शकते. अर्थात मातीच्या भिंती आणि काळी जमीन यांतील भेद इंग्लंडमधील खडूच्या जमिनीइतका स्पष्ट उमटेलच असे नाही. शिवाय १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या पाण्यावर प्रवराकाठी ऊस वाढला, आणि उंच ऊस जमिनीची खूणच झाकून टाकतो. म्हणून ऋतू व पीक यांची निवड कॅमेऱ्याच्या निवडीइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे.

याहून गंभीर प्रश्न कालमर्यादेचा आहे. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडीच्या जलाशयाखाली नेवासे व शेवगाव तालुक्यांतील जमीन गेली. तिचे नवे चित्र घेणे आता शक्य नाही. मात्र १९६० ते १९७२ या काळात ‘कोरोना’ या अमेरिकी टेहळणी उपग्रहांनी घेतलेली चित्रे १९९५ मध्ये खुली झाली. ज्या भागांची चित्रे मिळतील, त्या भागांचे धरणपूर्व रूप त्यांत पाहता येईल.

तात्पर्य, उंची ही स्पर्धेची कसोटी असू शकेल, पुराव्याची नव्हे. छायाचित्रासोबत दिनांक, वेळ, उंची, दिशा व शेतातील पीक यांची नोंद नसेल, तर ते केवळ देखणे चित्र राहते. रीतसर परवानगी घेऊन विद्यार्थ्यांनी अशा नोंदींसह आजची पांढरीची टेकाडे टिपून ठेवली, तर नांगराखाली ती सपाट होण्यापूर्वीचा एक विश्वसनीय दस्तऐवज पुढील पिढीच्या हाती राहील.