राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना

राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना ही उद्योग व व्यापारी आस्थापनांनी शिकाऊ उमेदवार नेमावेत यासाठी त्यांच्या विद्यावेतनाचा काही भाग उचलणारी भारत सरकारची योजना आहे. ती १९ ऑगस्ट २०१६ रोजी सुरू झाली. केंद्रीय कौशल्य विकास व उद्योजकता मंत्रालय ही योजना राबवते. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ हा तिचा कायदेशीर आधार होय. नवशिक्याला काम शिकवण्याचा खर्च लहान कारखानदाराला झेपत नाही आणि शिकून तयार झालेला कारागीर पुढे मोठ्या कारखान्यात जाण्याचा संभव असतो. या दुहेरी अडचणीमुळे लहान आस्थापना प्रशिक्षणाबाबत हात आखडता घेतात. त्या खर्चातील काही वाटा शासनाने उचलावा, हा योजनेमागील विचार आहे.

संज्ञा

‘उमेदवार’ हा शब्द ‘उमेद’ म्हणजे आशा या मूळ फारसी शब्दापासून आला आहे. पूर्वी कचेरीत किंवा पेढीवर पुढे जागा मिळेल या आशेने बिनपगारी राबणाऱ्यास उमेदवार म्हणत आणि अशा सेवेस ‘उमेदवारी करणे’ म्हणत. निवडणुकीच्या संदर्भातील अर्थ आज अधिक रूढ असला, तरी कारखान्यांत व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये (आयटीआय) हा जुना अर्थ ‘शिकाऊ उमेदवार’ या संज्ञेच्या रूपाने टिकून आहे. मात्र कायद्यातील शिकाऊ उमेदवारी बिनपगारी नसते. तिला लेखी करार, ठरावीक मुदत, किमान विद्यावेतन आणि अखेरीस परीक्षा यांचे बंधन असते.

पार्श्वभूमी

शिकाऊ उमेदवार अधिनियम १ मार्च १९६२ रोजी अंमलात आला. आरंभी तो मुख्यतः कारागिरीच्या व्यवसायांपुरता होता. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक आणि १९८६ च्या दुरुस्तीने उच्च माध्यमिक स्तरावरील व्यवसाय अभ्यासक्रम पूर्ण केलेले विद्यार्थी त्याच्या कक्षेत आले.

२०१४ ची दुरुस्ती महत्त्वाची मानली जाते. तिच्यापूर्वी प्रत्येक व्यवसायासाठी कामगार व शिकाऊ यांचे प्रमाण शासन ठरवत असे आणि कायदा मोडल्यास मालकाला कारावासाची शिक्षा होऊ शकत असे. या दुरुस्तीने कारावासाऐवजी दंडाची तरतूद केली, अभियांत्रिकीखेरीज अन्य शाखांच्या पदवीधरांना प्रवेश दिला आणि उद्योगांना आपल्या गरजेप्रमाणे ‘ऐच्छिक व्यवसाय’ ठरवण्याची मुभा दिली.

त्याच वर्षी, १६ ऑक्टोबर २०१४ रोजी, ‘अप्रेंटिस प्रोत्साहन योजना’ सुरू झाली. ती केवळ निर्मिती क्षेत्रातील सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी होती. तिच्यात पहिल्या दोन वर्षांच्या विद्यावेतनापैकी ५० टक्के रक्कम केंद्र शासन देत असे. मार्च २०१७ पर्यंत एक लाख उमेदवारांचे उद्दिष्ट तिने ठेवले होते. २०१६ मध्ये तिची जागा प्रस्तुत योजनेने घेतली. शासनाचा वाटा ५० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आला, पण योजनेची व्याप्ती सर्व आकारांच्या आस्थापनांपर्यंत वाढली.

अर्थसाहाय्याचे स्वरूप

केंद्र शासन विहित विद्यावेतनाच्या २५ टक्के किंवा प्रत्येक उमेदवारामागे दरमहा १,५०० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती देते. उरलेली रक्कम आस्थापनेने द्यायची असते. योजनेच्या पहिल्या टप्प्यात, पूर्वप्रशिक्षण नसलेल्या उमेदवारांच्या मूलभूत प्रशिक्षणासाठी ५०० तासांच्या किंवा तीन महिन्यांच्या मर्यादेत प्रत्येकी ७,५०० रुपयांपर्यंतच्या साहाय्याचीही तरतूद होती.

२०१९ च्या नियमदुरुस्तीने पहिल्या वर्षाचे किमान मासिक विद्यावेतन पुढीलप्रमाणे ठरवले :

• इयत्ता ५ वी ते ९ वी उत्तीर्ण : ५,००० रुपये
• इयत्ता १० वी उत्तीर्ण : ६,००० रुपये
• इयत्ता १२ वी उत्तीर्ण : ७,००० रुपये
• राष्ट्रीय किंवा राज्य व्यवसाय प्रमाणपत्रधारक : ७,००० रुपये
• पदविकाधारक : ८,००० रुपये
• पदवीधर : ९,००० रुपये

दुसऱ्या वर्षी या रकमेत १० टक्के आणि तिसऱ्या वर्षी १५ टक्के वाढ देण्याची तरतूद आहे. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने ही किमान मर्यादा सुमारे ३६ टक्क्यांनी वाढवण्याची शिफारस केली.

कमाल मर्यादेमुळे शासनाचा प्रत्यक्ष वाटा सर्वत्र सारखा राहत नाही. वरील दरांनुसार ६,००० रुपये विद्यावेतनावर शासन १,५०० रुपये देते; हा बरोबर चतुर्थांश आहे. ९,००० रुपयांवरही शासनाचा वाटा १,५०० रुपयेच राहतो. तो एक षष्ठांश होतो आणि उरलेले ७,५०० रुपये मालकाला भरावे लागतात. त्यामुळे अधिक शिकलेल्या उमेदवारामागे किंवा किमानापेक्षा अधिक विद्यावेतन देणाऱ्या आस्थापनेला अनुदानाचा आधार प्रमाणाने कमी मिळतो.

प्रारंभी मालकाने संपूर्ण विद्यावेतन द्यायचे आणि नंतर शासनाकडून आपला हिस्सा परत मिळवायचा, अशी पद्धत होती. ऑगस्ट २०२३ पासून शासनाचा हिस्सा थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा करण्याची पद्धत सुरू झाली. परताव्याची रक्कम हाती येईपर्यंत लहान उद्योजकाचे खेळते भांडवल अडकून पडत असे; नव्या पद्धतीत शासनाचा हिस्सा त्याला आधी स्वतःच्या खिशातून भरावा लागत नाही.

पात्रता व कार्यपद्धती

२०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार नेमणे बंधनकारक आहे. ४ ते २९ कर्मचारी असलेल्या आस्थापनांना ते ऐच्छिक आहे. उमेदवारांची संख्या कंत्राटी कर्मचाऱ्यांसह एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के असावी लागते. उदाहरणार्थ, ४० कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला किमान एक व कमाल सहा उमेदवार घेता येतात.

आस्थापना व उमेदवार या दोघांचीही शासकीय संकेतस्थळावर नोंदणी होते आणि त्यांच्यातील करारही तेथेच नोंदवला जातो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून उत्तीर्ण झालेल्या उमेदवारास मूलभूत प्रशिक्षणाची पुन्हा गरज नसते. थेट आलेल्या नवशिक्याला मात्र ते घ्यावे लागते. त्यानंतर प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षण आणि त्याच्या जोडीला व्यवसायाचे सैद्धान्तिक शिक्षण दिले जाते. परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. ज्या लहान आस्थापनांना ही कागदोपत्री कामे झेपत नाहीत, त्यांच्या वतीने ती करण्यासाठी ‘त्रयस्थ समन्वयक’ संस्थांची सोय करण्यात आली आहे.

अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक यांच्यासाठी शिक्षण मंत्रालयाची स्वतंत्र योजना आहे. मुंबई, चेन्नई, कानपूर व कोलकाता येथील प्रादेशिक मंडळांमार्फत ती चालते. तिच्यात किमान विद्यावेतनाचा निम्मा भाग शासन उचलते.

शिकाऊ उमेदवाराचे कायदेशीर स्थान

अधिनियमाच्या कलम १८ नुसार शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो. त्यामुळे कामगारविषयक कायदे त्याला सर्वसाधारणपणे लागू होत नाहीत. तथापि कारखान्यातील आरोग्य, सुरक्षितता व कल्याण यांविषयीच्या तरतुदींचे संरक्षण त्याला मिळते आणि प्रशिक्षणकाळात अपघात झाल्यास नुकसानभरपाईची जबाबदारी मालकावर असते. शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या संमतीवाचून त्याच्याकडून जादा तास काम करून घेता येत नाही.

प्रशिक्षण संपल्यावर उमेदवाराला नोकरी देणे मालकावर बंधनकारक नाही. करारात तशी अट असल्यास मात्र ती पाळावी लागते. २०१४ च्या दुरुस्तीनुसार प्रत्येक मालकाने अशा उमेदवारांच्या भरतीविषयी आपले धोरण ठरवणे अपेक्षित आहे.

कार्यरत कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण

ही योजना नव्या उमेदवारांसाठी आहे. आस्थापनेत आधीपासून असलेल्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाला तिच्यातून अनुदान मिळत नाही. अनुभवातून शिकलेल्या कारागिरांसाठी प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत ‘पूर्वज्ञानास मान्यता’ हा घटक आहे. त्यात कारागिराच्या अंगी असलेल्या कौशल्याची पारख करून त्याला प्रमाणपत्र दिले जाते. हे मूल्यमापन मालकाच्या जागेवरही करता येते.

महाराष्ट्रातील अंमलबजावणी

महाराष्ट्रात शिकाऊ उमेदवारीचे काम प्रामुख्याने व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयामार्फत चालते. २०२१ मध्ये राज्य शासनाने महाराष्ट्र शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना जाहीर केली. तिच्यात विद्यावेतनाच्या ७५ टक्के किंवा ५,००० रुपये, यांपैकी कमी असलेल्या रकमेच्या प्रतिपूर्तीची तरतूद होती. २०२४ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना हिच्याहून वेगळी आहे. तिच्यात शैक्षणिक पात्रतेनुसार दरमहा ६,०००, ८,००० किंवा १०,००० रुपये विद्यावेतन राज्य शासन देते.

उद्दिष्ट, मर्यादा व टीका

योजनेने प्रारंभी १०,००० कोटी रुपयांची तरतूद आणि २०२० पर्यंत ५० लाख उमेदवारांचे उद्दिष्ट जाहीर केले होते. ते ठरलेल्या मुदतीत गाठता आले नाही. योजनेचा दुसरा टप्पा २०२२-२३ पासून सुरू झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कौशल्य विकासाच्या एकत्रित कार्यक्रमाचा भाग म्हणून २०२६ पर्यंत ती चालू ठेवण्यास मान्यता दिली.

योजनेवरील मुख्य आक्षेप असा, की शिकाऊ उमेदवार कामगार मानला जात नसल्याने त्याला किमान वेतनाहून कमी रकमेत राबवून घेता येते. शिकवणाऱ्या अनुभवी कारागिराचा वेळ आणि नवशिक्याच्या हातून वाया जाणारा माल हा लहान कारखान्यातील प्रशिक्षणाचा मोठा खर्च असतो, पण अनुदान केवळ विद्यावेतनाशी जोडलेले आहे, असेही सांगितले जाते. उलट, अनुदान वाढवताना प्रशिक्षणाच्या दर्जाची तपासणी वाढली नाही, तर ते शिक्षणावर खर्च न होता स्वस्त मजुरीवर खर्च होईल, असा इशारा दिला जातो. म्हणून उमेदवारांच्या संख्येबरोबरच किती जण परीक्षा उत्तीर्ण झाले आणि किती जणांना त्या व्यवसायात काम मिळाले, हेही योजनेच्या यशाचे निकष मानावेत, अशी मांडणी केली जाते.