काकोडकर, शशिकला
(७ जानेवारी १९३५ – २८ ऑक्टोबर २०१६). गोव्याच्या पहिल्या आणि आजवरच्या एकमेव महिला मुख्यमंत्री, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या (मगो) नेत्या. गोव्यात त्यांना ‘ताई’ म्हटले जाई. वडील दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर हे खाणमालक, मगोचे अध्वर्यू आणि मुक्त गोव्याचे पहिले मुख्यमंत्री. ताईंचे शिक्षण धारवाड व मुंबई येथे एम.ए.पर्यंत झाले. १९७२ मध्ये त्या आमदार व वडिलांच्याच मंत्रिमंडळात राज्यमंत्री झाल्या.

ऑगस्ट १९७३ मध्ये भाऊसाहेबांचे अकाली निधन झाले आणि मुख्यमंत्रिपद कन्येकडे आले. वारशाने मिळालेली गादी, अशी टीका तेव्हा झाली आणि ती गैरलागू नव्हती. पुढची पावणेसहा वर्षे मात्र केवळ पुण्याईवर निघाली नाहीत. मगोचा मतदार म्हणजे प्रामुख्याने बहुजन समाजातील कुळे व मुंडकार. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत घर बांधून राहणारा तो मुंडकार. भाटकाराची मर्जी फिरली की त्याला चंबूगबाळे आवरावे लागे. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्याला हुसकावण्यापासून संरक्षण दिले आणि घर भोवतालच्या जागेसह विकत घेण्याचा हक्क दिला. पाठोपाठ १९७६ मध्ये कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती आली व कसणारा कूळ हा जमिनीचा मालक मानला गेला. जमीनमालक न्यायालयात गेले. हक्क कागदावर मिळणे वेगळे आणि मामलेदाराच्या कचेरीत नावावर होणे वेगळे, याचा अनुभव अनेक कुटुंबांना पुढे पिढ्यान्‌पिढ्या आला. तरी ताईंच्या कारकिर्दीतील सर्वांत टिकाऊ काम हेच.

१९७७ च्या निवडणुकीत ३० पैकी १५ जागा जिंकून मगो पुन्हा सत्तेवर आला, पण काठावर. एकीकडे ट्रॉलरविरोधात रापणकार, म्हणजे पारंपरिक जाळी ओढणारे मच्छीमार रस्त्यावर, दुसरीकडे बसभाड्यात निम्मी सवलत मागणारे विद्यार्थी. अशात एप्रिल १९७९ मध्ये स्वपक्षाचेच आमदार विरोधकांना जाऊन मिळाले. इतक्या तोकड्या बळाचे सरकार पाडायला दोघे-तिघे पुरेसे होते. राष्ट्रपती राजवट लागू झाली. जानेवारी १९८० च्या निवडणुकीत मगोच्या पदरात अवघ्या सात जागा पडल्या.

ज्या पक्षांतराने सरकार गेले, त्याच वाटेने मग ताई निघाल्या. दिल्लीत इंदिरा गांधी परतल्या होत्या आणि गोवा तेव्हा केंद्रशासित प्रदेश होता. आमदारांच्या एका गटासह त्यांनी काँग्रेसमध्ये प्रवेश केला. भाऊसाहेबांच्या लेकीनेच भाऊसाहेबांचा पक्ष सोडला, हा कार्यकर्त्यांना बसलेला धक्का मोठा होता. रमाकांत खलप यांच्यासारख्या मोजक्यांनी मागे राहून पक्ष जिवंत ठेवला. काँग्रेसमध्येही ताईंच्या वाट्याला नेतृत्व आले नाही. तेथे मुख्यमंत्रिपदी होते प्रतापसिंह राणे, तेही मूळचे मगोचेच आणि एके काळी भाऊसाहेबांच्या मंत्रिमंडळात बसलेले.

काँग्रेसमध्ये त्या रमल्या नाहीत. बाहेर पडून त्यांनी वडिलांच्या नावानेच भाऊसाहेब बांदोडकर गोमंतक पक्ष काढला. १९८४ च्या निवडणुकीत त्याला एकही जागा मिळाली नाही, तर मूळ मगोने आठ जिंकल्या. बांदोडकर हे नाव आणि ‘सिंह’ हे चिन्ह यांपैकी मतदाराने चिन्हाला कौल दिला. पुढे हा पक्ष मगोत विलीन झाला आणि ताई स्वगृही परतल्या, पण पूर्वीचा अधिकार परतला नाही.

१९९० मध्ये काँग्रेसमधून फुटलेल्या आमदारांना मगोने साथ दिली. त्यांच्या आघाडी सरकारात ताई शिक्षणमंत्री झाल्या. फाटाफुटीने गेलेली सत्ता फाटाफुटीनेच, अंशतः, परत आली म्हणायची. सरकार वर्षभरही टिकले नाही, मात्र त्या काळातील एक निर्णय दोन दशके टिकला : सरकारी अनुदान फक्त मराठी, कोकणी अशा भारतीय भाषांतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांनाच. कोकणी की मराठी या राजभाषेच्या वादात मराठीची बाजू घेणाऱ्या ताईंनी येथे कोकणीलाही मराठीच्या पंगतीला बसवले, हे त्यांचे टीकाकार सहसा विसरतात. २०११ मध्ये दिगंबर कामत सरकारने इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान देऊ केले, तेव्हा पंच्याहत्तरी ओलांडलेल्या ताई भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या निमंत्रक म्हणून आंदोलनात उतरल्या.

पक्ष सोडण्याचा १९८० मधील निर्णय ही त्यांच्या राजकारणातील सर्वांत महागडी चूक ठरली. त्यांचे सरकार पडल्यानंतर गोव्यात मगोचा मुख्यमंत्री पुन्हा झालेला नाही.