अग्नीला उतरलेली काच

काच विस्तवाजवळ नेली की तडकणारच, ही जी समजूत गृहिणींच्या मनात पिढ्यानपिढ्या घर करून होती, तिला १९१३ साली अमेरिकेतील कॉर्निंग गावच्या एका साध्या स्वयंपाकघरात धक्का बसला. रेल्वेच्या कंदिलांसाठी, तापलेली असता पावसाचे पाणी पडूनही न फुटणारी जी काच तेथील कारखान्याने सिद्ध केली होती, तिच्याच बॅटरीच्या बरण्यांची बुडे कापून जेसी लिटलटन या पदार्थवैज्ञानिकाने ती घरी नेली; आणि पत्नी बेसी यांनी, नेहमीचे मातीचे भांडे तडकले असल्यामुळे, त्यांत केक भाजला. तो सर्वत्र सारखा शिजला, भांड्याला चिकटला नाही, आणि त्याचा रंग बाहेरूनच पाहता आला. या शेवटच्या सोयीचे मोल रांधणारालाच कळावे. तथापि त्या मूळ काचेत शिसे होते. ते वगळून नवे मिश्रण बेतल्यावरच १९१५ साली ‘पायरेक्स’ बाजारात आले, आणि ही खबरदारी मला त्या शोधाहूनही थोर वाटते. बोरॉनच्या ऑक्साइडमुळे ही काच तापल्यावर साध्या काचेच्या सुमारे एक-तृतीयांशच प्रसरण पावते. पुढे १९६२ साली मुंबईत अशाच काचेचे सामान बनवणाऱ्या बोरोसिल कंपनीचा पाया घातला गेला, तोही कॉर्निंगच्या त्याच कारखान्याच्या सहकार्याने. तरीही वाचकहो, काचेचे तप्त भांडे ओल्या ओट्यावर टेकवू नका; खाली कोरडे फडके असू द्या.