अर्धवट राहिलेली पदवी पुन्हा कशी पूर्ण करायची? भीमाकाठच्या गावांसाठी सविस्तर माहिती

वडगाव रासाई (ता. शिरूर) : बारावी झाली, कॉलेजात नाव घातले, एफवाय कसेबसे पार पडले. मग लग्न, घरची शेती नाहीतर रांजणगाव एमआयडीसीतली नोकरी आडवी आली आणि शिक्षण तिथेच थांबले. वडगाव रासाई, मांडवगण फराटा, सादलगाव, नागरगाव या पट्ट्यात अशी माणसे गल्लीगल्लीत भेटतात. भीमा ओलांडून दौंड तालुक्यात गेले तरी तेच. आता मुले मोठी झाली, हातात मोबाइल आला आणि "घरबसल्या पदवी" अशा जाहिराती रोज दिसू लागल्या. पस्तिशी-चाळिशीत पदवी पूर्ण करता येते, हे खरे. पण पैसे भरण्याआधी काही गोष्टी नीट समजून घ्याव्या लागतात.

आधी जुना हिशोब बघा

सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, "वीस वर्षांपूर्वी एफवाय केलंय, ते धरतात का?" बहुतेक वेळा उत्तर नाही असेच येते. नव्या शैक्षणिक धोरणात श्रेयांक बँक (एबीसी) आली आहे. आपण पास केलेल्या विषयांचे श्रेयांक तिच्यात जमा होतात आणि पुढे दुसऱ्या विद्यापीठात वापरता येतात. मात्र 2021-22 आणि त्यानंतर केलेल्या शिक्षणाचेच श्रेयांक त्यात धरले जातात, आणि तेही जास्तीत जास्त 7 वर्षे टिकतात. 2003 चे एफवाय तिथे जमा होत नाही.

त्यामुळे दोन गट पाडावेत. एफवाय, एसवाय पूर्ण झाले आहे आणि टीवायचे दोन-चार विषयच राहिले आहेत, अशांनी सगळ्यात आधी जुन्या कॉलेजात जावे. पीआरएन नंबर आणि जुन्या गुणपत्रिका घेऊन विद्यापीठाच्या परीक्षा विभागात चौकशी करावी. जुन्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना विद्यापीठे मधूनमधून विशेष संधी देतात. तशी संधी मिळाली तर तीन वर्षे वाचतात. ज्यांचे फक्त एफवाय झाले आहे किंवा तेही अर्धे राहिले आहे, त्यांनी जुने उकरत बसण्यापेक्षा नव्याने प्रवेश घेतलेला बरा. त्यांची बारावी मात्र कायम धरली जाते, तिला मुदत नाही.

बारावीच नसेल तर आधी ती करावी लागेल. राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या परीक्षेला बसता येते किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बारावी करता येते.

मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन

हे शब्द जाहिरातीत एकच असल्यासारखे वापरतात, पण कामाची पद्धत वेगळी आहे. मुक्त किंवा दूरस्थ शिक्षणात छापील पुस्तके मिळतात, अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्रे होतात आणि परीक्षा केंद्रावर जाऊन लेखी द्यावी लागते. ऑनलाइन पदवीत तासिका, साहित्य, स्वाध्याय सगळे इंटरनेटवर असते. काही ठिकाणी परीक्षाही कॅमेऱ्याच्या देखरेखीत घरून घेतात. त्यासाठी चांगली रेंज आणि लॅपटॉप हवा. शेतात घर असेल आणि रेंज धड येत नसेल, तर पुस्तके देणारी दूरस्थ पद्धतच सोयीची.

किंमत दोन्हींना सारखी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केले की मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी ही नियमित कॉलेजच्या पदवीइतकीच धरली जाईल. मात्र सगळे विषय असे शिकता येत नाहीत. इंजिनिअरिंग, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, कायदा यांबरोबर शेतीची पदवीही यूजीसीच्या मनाईच्या यादीत आहे. "ऑनलाइन बीएस्सी ॲग्री" असे कुणी सांगितले तर तिथेच सावध व्हावे.

कुठे प्रवेश घ्यायचा

मराठीतून शिकायचे असेल तर पहिले नाव नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे. 1 जुलै 1989 ला ते सुरू झाले. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. "ज्ञानगंगा घरोघरी" हे त्याचे ब्रीदवाक्य. राज्यभरातल्या नेहमीच्या कॉलेजांमध्येच त्याची अभ्यासकेंद्रे चालतात. शिरूर किंवा दौंड तालुक्यात यंदा कोणते केंद्र सुरू आहे आणि तिथे कोणता अभ्यासक्रम आहे, हे विद्यापीठाच्या संकेतस्थळावर बघून मगच फॉर्म भरावा.

दुसरे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू. हे 1985 चे, केंद्र सरकारचे. जुलै आणि जानेवारी असे वर्षातून दोनदा प्रवेश होतात. पुण्यात विभागीय केंद्र आहे. माध्यम प्रामुख्याने हिंदी-इंग्रजी. तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पूर्ण करायची मुभा असते. मधे एखादे वर्ष आजारपणात किंवा घरच्या लग्नात गेले तरी नोंदणी वाया जात नाही. तिसरा पर्याय सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मुक्त अध्ययन प्रशालेचा. पूर्वी लोक ज्याला "बहिस्थ" म्हणत, त्याची जागा आता हिने घेतली आहे.

कागदपत्रे आणि नावाचा घोळ

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो एवढे लागतेच. बोर्ड किंवा विद्यापीठ बदलत असेल तर स्थलांतर प्रमाणपत्रही मागतात. सप्टेंबर 2024 च्या सत्रापासून दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशाला यूजीसीचा डीईबी आयडी सक्तीचा झाला. त्यासाठी आधी डिजिलॉकरवर श्रेयांक बँकेचा आयडी काढावा लागतो. आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला नसेल तर ओटीपी येत नाही आणि काम इथेच अडते.

महिलांचा खरा घोळ नावाचा. गुणपत्रिकेवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे. गरज पडल्यास राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा. याला वेळ लागतो, म्हणून प्रवेशाच्या शेवटच्या आठवड्यावर हे काम ढकलू नये.

वयाचा हिशोब

पदवी कशासाठी हवी, हे आधी ठरवलेले बरे. राज्यसेवा परीक्षेसाठी कमाल वय खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 आहे. खुल्या प्रवर्गातल्या माणसाने छत्तिसाव्या वर्षी प्रवेश घेतला तर पदवी हातात पडेपर्यंत ही वाट बंद झालेली असते. तलाठी भरतीलाही पदवी लागते आणि तिथेही वयाची अट आहेच. अंगणवाडी सेविकेला मुख्यसेविका व्हायचे तर पदवी विचारतात. कंपनीत सुपरवायझरच्या जागेसाठीही बऱ्याचदा पदवीवर अडते. पुढे एमए करायचे तरी आधी पदवी पाहिजे. नुसत्या समाधानासाठी शिकणाऱ्यालाही कुणी अडवत नाही, पण सरकारी नोकरीच्या आशेने फी भरणाऱ्याने हा हिशोब कागदावर मांडावा.

अभ्यास आणि शेतीची कामे

इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात. जूनला पेरणीची घाई, डिसेंबरला ऊसतोड आणि कांद्याची लागण. दोन्ही वेळा नेमकी कामाची गर्दी. म्हणून स्वाध्याय मोकळ्या महिन्यांत उरकून टाकावेत. त्यांना गुण असतात, आणि ते वेळेत दिले नाहीत तर लेखी परीक्षा चांगली जाऊनही विषय अडकतो. एका परीक्षेला सगळे विषय देण्याचा हट्ट धरू नये. जमतील तेवढे द्यावेत, बाकीचे पुढच्या वेळी. शिकवणी परवडत नसेल तर केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवरचे व्हिडिओ मोफत बघता येतात.

फसवणूक टाळा

"एका वर्षात पदवी", "परीक्षा न देता पदवी", "मागच्या तारखेची पदवी" असे सांगणारा माणूस फसवतोच आहे, असे धरून चालावे. अशी पदवी पडताळणीत उघडी पडते. पैसे तर जातातच, वर गुन्हाही दाखल होऊ शकतो. विद्यापीठाचे नाव आणि तो विशिष्ट अभ्यासक्रम या दोन्हींना त्या वर्षाची मान्यता आहे का, हे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर दिसते. बनावट विद्यापीठांची यादीही यूजीसी प्रसिद्ध करते. फी एजंटाच्या हातात रोख देऊ नये, विद्यापीठाच्या खात्यावर भरून पावती घ्यावी. फॉर्म सायबर कॅफेत भरला तरी त्यात मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्यावा. दुसऱ्याचा नंबर असला की पासवर्ड त्याच्याकडे राहतो आणि हॉल तिकिटाच्या वेळी धावपळ होते.

जुन्या गुणपत्रिका हरवल्या असतील तर दुय्यम प्रत राज्य मंडळाच्या पुणे विभागीय कार्यालयातून मिळते. पुढच्या सत्राला प्रवेश घ्यायचा विचार असेल तर सुरुवात तिथूनच करावी.